थांबताना कां-कूं

मंगळवार, ३

गॅरेजच्या जॉबकार्डवर ग्राहकाच्या तक्रारीसाठी दोन ओळींची जागा आहे. त्या दोन ओळींत जे बसत नाही ते या वहीत लिहायचं, असं आज ठरवलं. वही कुणाला दाखवायची नाही.

आज आलेली गाडी: हायब्रिड, वय चार वर्षं, धाव फक्त अकरा हजार. मालकीण एक निवृत्त मुख्याध्यापिका. गॅरेजात त्यांना हेडबाई म्हणतात, कारण त्या आल्या की तात्यासुद्धा खुर्चीतून उठतात. तात्या गॅरेजचे मालक. ते एरवी कुणासाठी उठत नाहीत.

हेडबाईंची तक्रार, त्यांच्याच शब्दांत: "गाडी थांबायला कां-कूं करते. एखाद्या पोराला वर्गाबाहेर जा म्हटलं की ते दारात घुटमळतं ना, तशी."

मी कार्डवर लिहिलं: कमी वेगात कंप.

ग्राहकाचे शब्द कार्डवर लिहायचे नाहीत, हा माझा नियम आहे. ग्राहक उपमा देतात आणि उपमेला एकक नसतं.

हेडबाईंनी कार्ड वाचलं. इतर ग्राहक वाचत नाहीत.

"मी असं म्हटलं?"

"अर्थ तोच आहे."

"असेल बाई. तू इंजिनीअर आहेस."

सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. काउंटर डगमगतो म्हणून असावं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालायला हवी.

तात्यांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं आहे. "बॅटरीच्या गाड्या यायला लागल्यात आणि मला त्यांच्या पोटातलं कळत नाही," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. मुदत तीस तारखेला संपते.

बुधवार, ४

तीन सेन्सर लावले: सीटच्या पट्टीवर, स्टिअरिंगवर, मागच्या चाकाजवळ. चाचणी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे. दहा, वीस, तीस, चाळीस असा स्थिर वेग, मग जोरात वेग वाढवणे, मग ठामपणे ब्रेक. इंजिन सुरू होतानाचा धक्का मोजला, तो मर्यादेत आहे. इंजिनाचे रबरी आधार शाबूत. टायर गोल.

तात्यांनी एक फेरी मारली. ते स्टिअरिंगवर नुसता तळवा ठेवतात आणि डोळे अर्धे मिटतात. ते रस्त्यावर मिटू नयेत असं मी एकदा सुचवलं होतं.

"लोण्यासारखी चालते," तात्या म्हणाले.

मागच्या ब्रेकच्या डिस्कवर कडेने गंज दिसला. हायब्रिडमध्ये तो दिसतोच. गाडी थांबवण्याचं बहुतेक काम मोटर करते. ती चाकांचा वेग शोषून घेऊन बॅटरी भरते. खऱ्या ब्रेकना काम लागतं ते पाय जोरात पडला तर, नाहीतर अगदी शेवटी, गाडी जवळजवळ थांबल्यावर. त्यामुळे डिस्क घासली जात नाही. नोंद केली: गंज, सामान्य.

शुक्रवार, ६

गाडी परत दिली. शेरा: दोष आढळला नाही.

गाडी न्यायला हेडबाईंबरोबर त्यांचा मुलगा आला होता. त्या त्याची ओळख "आमचे चिरंजीव" अशी करून देतात. चिरंजीवांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं.

"म्हणजे गाडीत दोष नाही."

"आढळला नाही."

"तेच ते."

"ते तेच नाही," मी म्हटलं, पण ते तोवर कार्डाचा फोटो काढत होते.

"आई, मी काय म्हणत होतो? कंप गाडीत नाहीये. तुझ्या हातात आहे. आता तर लेखी आलं."

हेडबाईंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. चिरंजीवांनी किल्ली खिशात टाकली आणि चालकाच्या बाजूला बसले. हेडबाई गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारापर्यंत गेल्या. त्या दाराचा खटका कसा उघडतो हे त्यांना पटकन सापडलं नाही.

शेरा मी पुन्हा तीनदा वाचला. वाक्य बरोबर आहे.

रविवार, ८

आईचा फोन. तीन मिनिटं चाळीस सेकंद. कशी आहेस, तर ठीक. चार दिवस येऊन जाऊ का, तर सध्या काम आहे. आई म्हणाली, "बरं, तू म्हणशील तेव्हा." नोंदवण्यासारखं काही नाही.

मंगळवार, १०

हेडबाई आल्या, चालत. किल्ली चिरंजीवांकडेच आहे. महिनाअखेर गाडी विकायची असं त्यांनी ठरवलं आहे. हेडबाईंची बहीण गावाबाहेर राहते आणि तिकडे बस जात नाही. दर गुरुवारी हेडबाई तिला आंघोळ घालायला जातात. हे त्यांनी मला सांगितलं नाही. तात्यांना सांगत होत्या आणि मी शेजारच्या गाडीखाली होते.

मग त्या माझ्याकडे आल्या आणि वाकून बघत म्हणाल्या, "जरा बाहेर ये. पायांशी बोलायची मला सवय नाही."

त्यांनी एक वही आणली होती. ही गाडी दर वेळी थांबली की ब्रेक किती हळुवार लावला याचे गुण पडद्यावर दाखवते. जितकी वीज परत बॅटरीत जाते तितके गुण जास्त. हेडबाई ते गुण लिहून ठेवतात. चार वर्षं. सुरुवातीला साठ-पासष्ट, पुढे नव्वदच्या घरात. गेल्या वर्षभरात एकही आकडा शंभराखाली नाही.

"आयुष्यभर दुसऱ्यांना गुण दिले," त्या म्हणाल्या. "कुणीतरी मला द्यायला लागल्यावर चढले बघ डोक्यात. बरं, तू गाडी तपासलीस ती कोण चालवत असताना?"

"मी. आणि तात्या."

"आणि तक्रार कुणाची होती?"

मी चिरंजीवांना फोन केला आणि सांगितलं की आमची नोंद अपूर्ण आहे, गाडी पुन्हा लागेल. हे खरंच आहे. चाचणीत तिसरा चालक नव्हता.

"तुम्हीच लेखी दिलंत ना?" ते म्हणाले.

"जेवढं तपासलं तेवढ्याबद्दल दिलं."

"वकील व्हायला हवं होतं तुम्ही," ते म्हणाले. पण गाडी पाठवतो म्हणाले.

गुरुवार, १२

हेडबाई चालवत होत्या. मी शेजारी, मांडीवर लॅपटॉप. गोदामांच्या मागचा रिकामा रस्ता.

हेडबाईंची थांबण्याची पद्धत अशी: ऐंशी मीटर आधीपासून त्या तयारीला लागतात. ब्रेकवर पाय ठेवतात म्हणण्यापेक्षा ब्रेकला कानगोष्ट सांगतात. गाडी वेग सोडत जाते, सोडत जाते, आणि बारापर्यंत आली की मोटर हात काढून घेते. तिथून शून्यापर्यंत खरे ब्रेक. मी थांबते तेव्हा हा भाग अर्ध्या सेकंदात संपतो. हेडबाईंना पाच सेकंद लागतात.

त्या पाच सेकंदांत गाडी घुटमळली. सीटमधून पाठीला स्पष्ट कळलं. घर्र, घर्र, मग सावकाश घर्र... घर्र... आणि थांबली. पडद्यावर शंभर.

"आली का कां-कूं?" हेडबाईंनी विचारलं.

"आली."

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. आम्ही असं एकूण एकवीस वेळा थांबलो. एकवीस वेळा आली.

संध्याकाळी तीन तारखेचं कार्ड काढलं. त्या म्हणाल्या होत्या, गाडी थांबायला कां-कूं करते. मी लिहिलं, कमी वेगात कंप. मग मी कमी वेग तपासला. थांबणं तपासलं नाही, कारण ते कार्डावर नव्हतं. कार्डावर नव्हतं, कारण ते मीच काढून टाकलं होतं.

उपमेला एकक नसतं. या उपमेत मात्र क्रियापद होतं.

शुक्रवार, १३

आलेखावर दोन रेघा आहेत.

पहिली: चाकाचा वेग कमी होतो तशी खाली उतरते. वेग निम्मा, की कंपही निम्म्या चालीचा. म्हणजे ती फिरणाऱ्या वस्तूतून येते. मागचं चाक. गाडीची आहे.

दुसरी: बारीक, फक्त स्टिअरिंगवरच्या सेन्सरमध्ये. सेकंदाला सहा. वेग कितीही असो, सहा. गाडी उभी आहे, इंजिन बंद, तरी सहा. हेडबाईंनी हात काढून चष्मा पुसला त्या चाळीस सेकंदांत नाही.

सेन्सर सैल होता का हे चार वेळा पाहिलं. नव्हता.

काउंटरच्या पायाखाली मी त्या दिवशी पुठ्ठा घालायला गेले होते, तर काउंटर डगमगतच नव्हता. ते तेव्हा लिहायचं राहिलं.

शनिवार, १४

मागच्या डिस्क उतरवल्या. बाहेरची बाजू मी चार तारखेला पाहिली होती. आतली पाहिली नव्हती. आत गंजाचे चट्टे, ब्रेकच्या पॅडच्या आकाराचे, नकाशातल्या बेटांसारखे. (वर उपमा आली आहे. राहू दे. लांबी एकोणीस मिलिमीटर.)

हेडबाई रोज सकाळी नळीने गाडी धुतात आणि तशीच ओली झाकून ठेवतात. वर्षभर एकदाही कचकन ब्रेक लावलेला नाही. गंज घासून निघायला कुणी घासायला तर हवं.

"म्हणजे फार जपल्यामुळे झालं हे," तात्या म्हणाले.

"वापर अपुरा पडल्यामुळे."

"तेच."

डिस्क उतरवण्याआधी पडताळा म्हणून हेडबाईंच्या पद्धतीने मी स्वतः चालवून पाहिलं होतं. तात्या शेजारी होते. हेडबाईंना शंभरापर्यंत यायला तीन वर्षं लागली. मला पहिल्याच फेरीत शंभर पडले. तात्या इतके हसले की त्यांना खोकला लागला.

"पडणारच. तू आहेसच तशी."

"कशी?"

"काही नाही. गाडी बघ."

तात्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. गुण चालकाच्या पायाला असतात.

सोमवार, १६

डिस्क लेथवर पाठवल्या. चट्टे फार खोल नाहीत, घासून निघतील.

अडचण शेऱ्याची आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? 'चालवण्याची पद्धत' हे खरं आहे. पण चिरंजीव त्याचा फोटो काढतील. 'डिस्क सदोष' लिहिलं तर ते खोटं आहे. डिस्क चांगली होती.

तात्या म्हणाले, "लिही ब्रेकचा बिघाड आणि मोकळी हो. कोण विचारतंय?"

"मी विचारते."

"बघ बाई. मी चाळीस वर्षं बिघाड लिहीत आलोय. बिघाडाने कधी तक्रार केली नाही."

आणि दुसऱ्या रेघेचा तर रकानाच नाही. मी गाड्या तपासते. गाडीबाहेरचं काही मोजायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते सेन्सरमध्ये आपोआप आलं. असं मी स्वतःला दुपारभर सांगितलं.

बुधवार, १८

हेडबाईंच्या घरी गेले. व्यावसायिक कारण होतं: गाडी ठेवतात त्या जागेचा ओलावा पाहणे. पाहिला. ओलावा आहे.

त्यांनी चहा केला. कप आणताना बशी वाजत होती. त्यांनी ट्रे मध्येच फडताळावर टेकवला, दम घेतल्यासारखं केलं आणि मग उचलला.

मी लॅपटॉप उघडून पहिली रेघ समजावली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"आणि ही खालची?"

मी म्हटलं, "ती गाडीची नाही."

भिंतीवर शाळेतल्या मुलांचे एकाखाली एक फोटो आहेत, दर वर्षी तीच इमारत आणि वेगळे दात पडलेली मुलं. मी ते मोजत होते. बत्तीस.

"किती आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"सेकंदाला सहा."

"वाढतंय?"

"ते सांगायला आधीची नोंद लागते. ती नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवायला हवं. हे माझं क्षेत्र नाही."

"माहितीये गं. म्हणून तर घाबरून तुझ्याकडे आले, तिकडे न जाता." त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. "तो रोज म्हणायचा, आई, तुझाच हात. मलाही वाटायला लागलं, सगळं माझंच असेल. मग गाडी थांबताना वाजायची ते काय होतं? तेही मीच? माणूस असं वेडं होतं बघ. मला एवढंच कळून हवं होतं, माझं किती आणि गाडीचं किती."

"गाडीचं बरंच आहे," मी म्हटलं.

"सांत्वन करतेस?"

"नाही. आकडा आहे. गाडीचा कंप तुमच्याच्या अकरा पट आहे."

त्या हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण बरं वाटलं. तिथे एक तास दहा मिनिटं होते. ओलावा मोजायला चार मिनिटं लागतात.

शनिवार, २१

डिस्क बसवल्या. नवं काम अंगात मुरायला साठच्या वेगावरून पंधरा वेळा जोरात ब्रेक लावावे लागतात. मी लावणार होते. पण ही सवय हेडबाईंनाच लागायला हवी, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. हे चिरंजीवांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही शेजारी बसणार असाल तर ठीक."

गोदामांमागचा रस्ता. पहिल्या वेळी हेडबाईंनी ऐंशी मीटर आधीच पाय ठेवला.

"नाही. त्या खांबापर्यंत जायचं आणि मग दाबायचं."

"गाडीला लागेल गं."

"तिला तेच हवंय."

दुसऱ्या वेळी खांब मागे गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ आवळले आणि दाबला. पट्टा माझ्या खांद्यात रुतला, लॅपटॉप पायाशी गेला. पडद्यावर चौतीस.

"नापास," हेडबाई म्हणाल्या. आवाजात मी पूर्वी न ऐकलेलं काहीतरी होतं. "बत्तीस वर्षांच्या नोकरीत नाही, आणि आता नापास. पुन्हा करू?"

पंधरा ठरले होते. अठरा झाले. सगळ्यांत कमी गुण: एकवीस. तो आकडा त्यांनी वहीत लिहायला लावला, खाली दुहेरी रेघ.

मग त्यांच्या जुन्या पद्धतीने हळुवार थांबून पाहिलं. पहिली रेघ नाही. दुसरी आहे. लॅपटॉपचा कोपरा चेपला आहे.

मंगळवार, २४

चिरंजीव आले. कार्ड मी आधीच भरून ठेवलं होतं. असं:

तक्रार: गाडी थांबायला कां-कूं करते.

आढळलेला दोष: मागच्या डिस्कवर आतून गंज. थांबताना बाराखालच्या वेगात कंप.

कारण: ब्रेकचा वापर अपुरा, गाडी ओली ठेवणे.

उपाय: डिस्क घासून बसवल्या. आठवड्यातून एकदा साठच्या वेगावरून मन घट्ट करून ब्रेक दाबावा.

'मन घट्ट करून' खोडायला दोनदा पेन उचललं. त्याऐवजी दाबाचा आकडा लिहिता आला असता. पण हेडबाईंना दाब मोजता येत नाही. मन घट्ट करता येतं.

चिरंजीवांनी वाचलं. "वापर अपुरा. म्हणजे शेवटी चालवण्यातच चूक."

"चूक नाही. काळजी जास्त झाली."

"आणि हाताचं काय? ते कुठे लिहिलंय?"

"कार्ड गाडीचं आहे," मी म्हटलं.

"हाताचं मी सांगते," हेडबाई म्हणाल्या. "सहा."

"सहा काय?"

"सेकंदाला सहा वेळा. हिने मोजलंय. गाडीचा कंप थांबता थांबता मंदावत होता, माझा मंदावत नाही. दोन गोष्टी होत्या, तू त्यांची बेरीज करून माझ्या नावावर मांडलीस. शुक्रवारी डॉक्टरांकडे जातेय. ते नको म्हणाले तर किल्ली मी तुझ्या हातात देईन, तुला खिशात टाकावी लागणार नाही. तोवर आण इकडे."

चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. मी काउंटरवरचं स्टेपलर सरळ केलं. तात्या कधीचे उभेच होते.

किल्ली काउंटरवर आली.

शुक्रवार, २७

दुरुस्तीनंतरची नोंद घ्यायची म्हणून मी हेडबाईंबरोबर गेले. सेन्सर आणायला विसरले.

चिरंजीव त्यांच्या गाडीने मागून येत होते. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा त्या आत वळल्या नाहीत, तशाच पुढे चालल्या.

"हेडबाई, फाटक."

"दिसलं."

"थांबायचंय ना?"

"हो गं," त्या म्हणाल्या आणि ब्रेक दाबला. मागे चिरंजीवांचा हॉर्न वाजला. पडद्यावर एकेचाळीस.

"थांबले ना पण," हेडबाई म्हणाल्या आणि उतरल्या. मायलेक आत गेले.

मी गाडीत बसून राहिले. पन्नास मिनिटं. या वेळेत काही मोजलं नाही.

निदान: हा कंप घराण्यातून येतो. हात काही धरून असला की दिसतो. ज्या आजाराची भीती होती तो हा नाही. औषध आहे. दिवसा गाडी चालवायला हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. हे सगळं हेडबाईंनी पायरीवरच उभं राहून सांगितलं, जणू निकाल वाचून दाखवत होत्या.

"घराण्यातून म्हणजे," त्या पुढे म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, पुढच्या पिढीतही येऊ शकतो."

चिरंजीवांनी हात खिशात घातले. मग एक बाहेर काढून समोर धरला, बोटं पसरली, आणि आम्ही तिघं त्या हाताकडे बघत राहिलो. तो अगदी स्थिर होता. हेडबाईंनी तो खाली केला.

"चल, घरी ये जेवायला," त्या म्हणाल्या. "मी पुढे जाते. फार जवळून येऊ नकोस, मी हल्ली कचकन थांबते."

सोमवार, ३०

मुदत संपली. तात्यांनी सकाळी विचारलं, "काय इंजिनीअर, राहतेस का?"

"विचार करून सांगते."

तात्यांनी मान हलवली. "शंभर गुण," ते म्हणाले आणि जॅककडे गेले.

दोन तास एका गाडीचा पंप उघडत होते. मग अर्थ लागला: मीही सगळीकडे ऐंशी मीटर आधीच पाय ठेवते. हात पुसले, जाऊन हो म्हणून आले. तात्यांनी वर न बघता विचारलं, "किती पडले?"

"एकवीस," मी म्हटलं.

दुपारी आईला फोन केला, सोमवार असून. शनिवारी ये म्हटलं. आई म्हणाली, "बरी आहेस ना? काही झालंय का?"

काही झालं नाही, असं मी सांगणार होते. मग म्हटलं, "ये तर. सांगते."